उपडं पीप आणि दहा मिनिटांचा ढोल

जपानची सूर्यदेवता आमातेरासू भावाच्या उच्छादाला कंटाळून एका गुहेत शिरली आणि आतून धोंड लावून बसली. जगावर रात्र पडली. तिला बाहेर काढायला देवांनी बरेच खटाटोप केले. कोंबडे गोळा करून आरवायला लावले, झाडाला आरसा टांगला, मंत्र म्हणून झाले. शेवटी कामी आली ती उझुमे नावाची देवी. तिने एक लाकडी पीप उपडं घातलं, त्यावर चढून दणादण पाय आपटत नाचली, नाचता नाचता अंगावरचं वस्त्र सुटलं त्याचंही भान तिला राहिलं नाही, आणि ते पाहून ऐंशी लाख देव असे खदखदून हसले की स्वर्ग हादरला. आपण नसताना यांना एवढं हसू कसलं येतंय, हे बघायला सूर्याने दार किलकिलं केलं. एक दांडगा देव दबा धरून उभाच होता. त्याने तिचा हात धरून तिला बाहेर ओढलं.

जगातल्या पुराणांमध्ये सूर्य परत मिळवायच्या कथा पुष्कळ आहेत. अचकट-विचकट नाचाने आणि हशाने मिळवल्याची ही एक, आणि माझी फार आवडती. तिच्यावर बेतलेलं संगीत आज दुकानात आणि मोबाईलवर सापडतं ते ‘मन शांत करणारं’, ‘झोपेसाठी उत्तम’ अशा खणात. कितारोची ‘कोजिकी’ ही 1990 सालची ध्वनिमुद्रिका. सात रचना, पाऊण तासाहून थोडी जास्त लांबी, गाण्याचे बोल नाहीत. न्यू एज म्हणवल्या जाणाऱ्या संगीतातलं हे एक ठळक नाव. त्यातला एखादा मवाळ तुकडा उचलून मसाजच्या दुकानात किंवा दातांच्या दवाखान्यात मंद आवाजात फिरवत ठेवतात, तेव्हा मला त्या उझुमेची दया येते. एवढं पीप बडवलं ते कुणाच्या दाढेला भूल चढावी म्हणून नव्हे!

कितारोचं खरं नाव मासानोरी ताकाहाशी. जन्म 1953 सालचा, आइची प्रांतातल्या तोयोहाशीचा. संगीताचं रीतसर शिक्षण नाही. ओटिस रेडिंग ऐकून गिटार हाती घेतलेला हा मुलगा पुढे ‘फार ईस्ट फॅमिली बँड’मध्ये गेला, सत्तरच्या दशकात जर्मन वादक क्लाउस शुल्झे याच्याशी गाठ पडली आणि सिंथेसायझरच्या नादी लागला. मग बँड सोडून आशियात भटकला, त्यात भारतही आला. 1980 साली जपानच्या एनएचके वाहिनीच्या ‘सिल्क रोड’ या माहितीपट मालिकेचं संगीत त्याने केलं आणि जगभर पोचला. ‘हेवन अँड अर्थ’ या चित्रपटाच्या संगीतासाठी गोल्डन ग्लोब, 2001 साली ‘थिंकिंग ऑफ यू’साठी ग्रॅमी, हे सगळं नंतरचं. पुरस्कारांच्या यादीवरून माणसाचं संगीत कळत नाही, म्हणून ती इथेच सोडतो.

‘कोजिकी’ म्हणजे जपानचा आज हाती असलेला सर्वांत जुना ग्रंथ, 712 सालचा. सम्राट तेन्मूच्या आज्ञेवरून हिएदा नो आरे या तल्लख स्मरणाच्या व्यक्तीने राजवंशाच्या आणि देवांच्या कथा मुखोद्गत केल्या होत्या. पुढे सम्राज्ञी गेन्मेईच्या काळात ओ नो यासुमारो याने त्या ऐकून लिहून काढल्या. म्हणजे कागदावर येण्याआधी ही कथा कुणाच्या तरी कंठात होती. आपल्याकडे वेद घोकून टिकवलेल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. पण या कथेवर शब्दावाचून संगीत करणाऱ्यापुढे अडचण उभी राहते ती इथेच. गोष्ट सांगायची, पण सांगणारा तर काढून टाकलेला. मग गोष्ट कळायची कशी?

कितारोने त्यावर शोधलेली युक्ती सुरांपेक्षा क्रमात आहे, आणि ती सहज लक्षात येत नाही. सात रचनांची नावं अशी: ‘हाजिमारी’ म्हणजे आरंभ, ‘सोझो’ म्हणजे सृष्टीची निर्मिती, ‘कोई’ म्हणजे प्रेम, ‘ओरोची’ म्हणजे तो आठ डोक्यांचा महासर्प, ‘नागेकी’ म्हणजे शोक, ‘मात्सुरी’ म्हणजे उत्सव आणि ‘रेइमेई’ म्हणजे पहाट. आता ग्रंथ उघडा. ग्रंथात गुहेचा प्रसंग आधी येतो. सुसानोओ हा सूर्यदेवतेचा भाऊ भातखाचरांचे बांध फोडतो, पाट बुजवतो, देवळात घाण करतो, सोललेला घोडा छप्पर फोडून विणकामाच्या दालनात फेकतो. त्यात विणणारी एक बाई मरते. त्यावरून बहीण गुहेत जाते, बाहेर येते, भावाला स्वर्गातून हाकलतात, आणि हाकललेला भाऊ इझुमोत उतरल्यावर त्याला तो महासर्प भेटतो. थोडक्यात, सूर्य आधी उगवतो आणि साप नंतर मरतो. कितारोने हे उलटं केलं. साप चौथा, शोक पाचवा, उत्सव सहावा, पहाट सातवी.

पुराणाची अशी फिरवाफिरव मला खटकायला हवी होती, पण कान मान्य करतात. ग्रंथात सापाचा वध ही एका उनाड देवाच्या सुधारण्याची गोष्ट आहे. ध्वनिमुद्रिकेत तो अंधाराचा पहिला टप्पा होतो आणि त्यातून खाली खाली जात आपण गुहेशी पोचतो. संगीताला शेवटाची गरज असते, ग्रंथाला नसते. कोजिकी हा ग्रंथ पुढे वंशावळी सांगत सम्राज्ञी सुइकोपर्यंत येऊन थांबतो, त्याला कसला आलाय समेवरचा शेवट! कितारोने सम शोधली आणि ती पहाटेवर ठेवली.

पहिल्या दोन रचना मी एकच धरतो. ‘हाजिमारी’ छोटी आहे, धूसर, आलापासारखी. सूर कुठून निघाला ते नीट कळू नये अशी व्यवस्था आहे. कथेत सुरुवातीला जमीन पाण्यावरच्या तवंगासारखी तरंगत असते. इझानागी आणि इझानामी हे जोडपं स्वर्गाच्या तरंगत्या पुलावर उभं राहून रत्नजडित भाला खाली खाऱ्या पाण्यात घालून ढवळतं. भाला वर काढल्यावर टोकावरून थेंब ठिबकतात, मीठ साचतं आणि पहिलं बेट तयार होतं. समुद्रमंथन ऐकून वाढलेल्या आपल्याला पाणी घुसळण्याचं हे चित्र जवळचं वाटतं, पण इथे ना दैत्य, ना ओढाओढ, ना विष. दोघंच जण आणि एक भाला. ‘सोझो’मध्ये ठेका येतो, धून रुंदावत जाते आणि पाया घातल्याचं समाधान मिळतं. चांगली रचना आहे. तिच्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं मला काही सापडत नाही.

‘कोई’पाशी मात्र थांबायला हवं. ग्रंथातलं प्रेम विचित्र आहे. दोघं एका खांबाभोवती विरुद्ध दिशांनी फिरतात आणि समोरासमोर आल्यावर इझानामी आधी बोलते. बाईने आधी बोलणं नियमाला सोडून होतं म्हणून पहिलं अपत्य बिनहाडाचं, जळवेसारखं होतं. त्याला लव्हाळ्याच्या होडीत घालून सोडून देतात आणि सगळा विधी पुन्हा पहिल्यापासून करतात, या खेपेला आधी तो बोलतो. कितारोच्या ‘कोई’त यातलं काहीच नाही. आहे ती एक सरळ, गोड, दीर्घ धून. मग तिच्यात धरून ठेवण्यासारखं काय आहे?

तिच्या स्वरलगावात आहे. कितारोने वर्षानुवर्षं मिनीमूग हा सिंथेसायझर वापरला. 1970 साली आलेलं हे वाद्य एका वेळी एकच सूर वाजवू शकतं. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी सूर एकच निघतो. पियानो वाजवणाऱ्याला ही अडचण वाटेल, गाणाऱ्याला वाटणार नाही, कारण गळ्यातूनही एका वेळी एकच सूर निघतो. या वाद्यावर एक कळ असते, ती फिरवली की एका सुरावरून दुसऱ्यावर उडी न पडता घसरत जाता येतं. शेजारच्या चाकाने सूर थोडा दाबता-उचलता येतो. म्हणजे पट्ट्यांच्या वाद्यावर मींड! आपल्या हार्मोनियमशी लोकांचं भांडण जुंपलं होतं ते नेमकं या मींडेवरूनच. कितारोची लांब धून कान देऊन ऐका: सूर बरोबर जागी क्वचितच सुरू होतो. किंचित खालून निघतो, वर येऊन लागतो, थोडा वेळ स्थिर राहतो आणि मगच त्याला हळू कंप सुटतो. लागल्या लागल्या कंप दिला असता तर ती सिनेमातली रडकी व्हायोलिनं झाली असती. आधी थांबायचं, मग हलायचं, हा संयम त्याच्या सुरात आहे आणि त्याला ‘शांत’ म्हणतात ते या संयमामुळे. यंत्र तेच, मग बाकीच्यांना हे का जमत नाही? कारण कळ फिरवणं सोपं आहे आणि थांबणं अवघड.

रागदारीत तयार झालेल्या कानाला इथे एक मोह होतो. जपानी लोकसंगीताच्या पाच सुरांच्या एका घराण्यात सा रे म प ध असे सूर येतात, म्हणजे आपल्या दुर्गाचे. दुसऱ्यात कोमल रिषभ-धैवत येऊन सा रे म प ध म्हणजे गुणक्रीचे सूर मिळतात. त्यामुळे कितारोची धून सुरू झाली की शेजारचा रसिक हमखास राग ओळखायला लागतो. मीही तो खेळ खेळलो आहे आणि तो फार पुढे नेऊ नये या मताला आलो आहे. सूर जुळले म्हणजे राग होत नाही. रागाची बढत इथे नाही आणि कितारोला ती नकोच आहे. त्याची धून वाढत नाही, ती पुन्हा येते, आणि दर खेपेला तिच्याभोवतीची वाद्यं बदललेली असतात. आपण ज्याला भरणा म्हणतो त्यातून तो कथा पुढे सरकवतो. आलापाची वाट बघत बसलात तर निराश व्हाल.

‘ओरोची’ने माझी निराशाच केली. महासर्पाचं वर्णन ग्रंथात काय जबरदस्त आहे! आठ डोकी, आठ शेपट्या, अंगावर शेवाळ आणि झाडं उगवलेली, आठ दऱ्या आणि आठ टेकड्या व्यापेल एवढी लांबी, पोट सतत रक्ताळलेलं. दरवर्षी येऊन एका म्हाताऱ्या जोडप्याची एकेक मुलगी खातो, आठवी कुशिनादा तेवढी उरली आहे. सुसानोओ आठ दारं असलेलं कुंपण घालून प्रत्येक दारात कडक साकेचं एकेक पिंप ठेवायला लावतो. आठही डोकी पिऊन झिंगतात, मग तो त्याचे तुकडे करतो. शेपटी कापताना तलवारीची धार मोडते, कारण आत दुसरी तलवार असते. तीच पुढे कुसानागी या नावाने जपानच्या राजचिन्हांत गेली, आणि ती नागोयाच्या आत्सुता मंदिरात असल्याचं मानतात. म्हणजे कितारोच्याच प्रांतात. शिमाने भागात इवामी कागुरा नावाचं लोकनाट्य चालतं. त्यात बांबू आणि कागदाचे लांबच लांब साप मंचावर एकमेकांत गुंतून फुत्कारतात, पहिल्या रांगेतली पोरं किंचाळतात. या मालमसाल्यावर कितारोने जी रचना केली आहे तिच्यात तणाव आहे, गडदपणा आहे, पण जनावर नाही. साप भीती घालतो आणि चावत नाही. न्यू एजची मर्यादा इथे उघडी पडते. ऐकणाऱ्याला दचकवायचं नाही असा त्या बाजाराचा अलिखित करार आहे आणि कितारोने या एका रचनेत तो निमूट पाळला आहे.

‘नागेकी’ कुणाचा शोक? रचना सांगत नाही. बायको मेल्यावर इझानागी तिच्यामागे पाताळात जातो, बघू नकोस म्हटलेलं असताना दिवा पेटवतो आणि किडे पडलेलं तिचं शरीर पाहून पळत सुटतो. तो शोक असू शकतो. मी मात्र तो सूर्यदेवतेचा धरतो, कारण पुढची रचना गुहेबाहेरची आहे. इथे सूर खालच्या पट्टीत फिरतात, ठेका जवळपास गळून पडतो आणि ‘कोई’तली ती घसरत लागणारी सुरावट आता वर चढण्याऐवजी खाली उतरते. निदान माझ्या कानाला तसं वाटतं. ही रचना सुटी ऐकली तर कंटाळवाणी वाटते. तिची किंमत ती संपल्यावर कळते.

कारण तिच्यानंतर ‘मात्सुरी’ येते. जवळपास दहा मिनिटांची ही रचना या ध्वनिमुद्रिकेचा प्राण आहे आणि कितारोच्या मैफलींतही ती ठाण मांडून बसलेली आहे. तिच्या मध्यभागी सिंथेसायझर नाही, तायको आहे. मोठ्या तायकोचं खोड अखंड ओंडका पोखरून करतात, त्यासाठी केयाकी नावाच्या झाडाचं लाकूड उत्तम समजतात. दोन्ही तोंडांवर गाईगुरांचं कातडं ताणून मोठ्या डोक्याच्या खिळ्यांनी कडेला ठोकून बसवतात. त्याला आपल्या ढोलासारख्या दोऱ्या नाहीत, कड्या नाहीत, ऐन वेळी सूर चढवता-उतरवता येत नाही. जो आवाज लाकडाने आणि कातड्याने दिला तोच कायमचा. अशा वाद्याला भाव दाखवायला दोनच गोष्टी उरतात: किती जोरात, आणि किती अंतराने.

आणि ‘मात्सुरी’ या दोनच गोष्टींवर उभी आहे. ठेका साधा आहे, लहान मूलही मांडीवर धरेल असा. तो बदलत नाही, जवळ येतो. त्यावर धून चढते, उतरते, पुन्हा चढते, आणि एका टप्प्यावर आपल्या लक्षात येतं की आता धून ढोलाला साथ करते आहे, ढोल धुनेला नाही. आपल्या गोंधळात संबळ तापल्यावर असंच होतं. कथा सांगणारा गोंधळी तोच असतो, पण कथा ओढत नेणारा संबळ असतो. ही तुलना मी उगाच करत नाही. मियाझाकी भागातल्या ताकाचिहो गावांतून हिवाळ्यात योकागुरा नावाचा रात्रभर चालणारा नाच होतो, त्यात 33 प्रकार असतात आणि गुहेतून सूर्य बाहेर काढण्याचा प्रसंग त्यातला कळस. घरात देव मांडून, शेजारीपाजारी जमवून, ढोल-बासरीवर रात्र जागवायची. जागरण-गोंधळ पाहिलेल्या माणसाला तिथे परकं वाटू नये. कितारोबद्दल तर सांगतात की दरवर्षी ऑगस्टच्या पौर्णिमेला तो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत तायको वाजवतो, हात रक्ताळले तरी थांबत नाही. ‘मन शांत करणाऱ्या’ संगीताच्या वादकाची ही तयारी!

एक गोष्ट मात्र ‘मात्सुरी’तही नाही: हसू. उझुमेचा वाह्यातपणा, देवांचा गडगडाट, त्या सगळ्या प्रकरणातली जत्रेची धमाल कितारोने गाळली. त्याचा उत्सव भव्य आहे, भक्तीचा आहे, पण त्यात कुणी खदखदून हसत नाही. मला ही उणीव खरी वाटते. ऋग्वेदात वलाच्या गुहेची कथा आहे, तिथे कोंडलेल्या गाई आणि उषा बाहेर येतात त्या बृहस्पती आणि अंगिरसांच्या गानाने, गर्जनेने. अभ्यासकांनी या दोन गुहांचं साम्य दाखवून दिलं आहे. तिथे मंत्राने दगड फुटतो, इथे हशाने दार उघडतं. कितारो जपानी कथा सांगतो, पण त्याची गुहा उघडते ती ऋषींच्या पद्धतीने. तरीही एक गोष्ट त्याने जपली, आणि त्यासाठी मी त्याला बाकी सगळं माफ करतो: त्याचा सूर्य शांततेने परत येत नाही. आधी दहा मिनिटं दणदणाट करावा लागतो.

म्हणूनच ‘रेइमेई’ पटते. एरवी ती गुळचट म्हणून मी बाजूला सारली असती. स्वच्छ, उजळ, वाद्यमेळ भरून आलेला, सगळं अगदी सुखान्त. पण ढोल थांबल्यावर कानात जी पोकळी राहते तिच्यात ही धून येऊन बसते आणि तेवढ्यापुरती तिची गोडी खरी होते. ‘मात्सुरी’ वगळून ‘रेइमेई’ ऐकणं म्हणजे उपास न करता पारणं फेडणं.

तेव्हा ऐकायचीच असेल तर सातही रचना ओळीने ऐका. क्रम उलटसुलट करणारं मोबाईलवरचं ते बटण आधी बंद करा. डोळा लागावा म्हणून कितारो हवा असेल तर ‘सिल्क रोड’ लावा, त्याला कुणाची हरकत नाही. ‘कोजिकी’ मात्र जागेपणी, बसून, आणि बऱ्यापैकी मोठ्या आवाजात. ‘मात्सुरी’साठी चांगला हेडफोन किंवा घरातले मोठे स्पीकर वापरा, कारण तायकोचा खालचा सूर मोबाईलच्या इवल्या स्पीकरमधून बाहेरच येत नाही.